खाजा मिस्त्रीचे कान

आधीच सांगून टाकते, माझा आवाज मोठा आहे. बावीस वर्षं झाली, पारोळ्यात धुळे रोडला पिठाची गिरणी चालवते मी. पट्टा फिरायला लागला की हातभर अंतरावरच्या माणसालाही ओरडून विचारावं लागतं, "ज्वारी का बाजरी? जाड का बारीक?" मग ती सवय घरी येते, लग्नात जाते, मयतीलाही जाते. आमचे मालक म्हणतात, सुनंदा कानात सांगते ते तिसऱ्या गल्लीत कळतं. म्हणू देत. हळू बोलणाऱ्यांच्या गिरणीत काही बारीक पीठ निघत नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या आवाजाचाच दोष आहे. लोक म्हणतात नाही, पण मला माहीत आहे ना.

माझ्या गिरणीची आणि खाजा मिस्त्रीच्या गॅरेजची भिंत एकच. गॅरेज म्हणजे काय, वर चार पत्रे, पुढे एक शटर आणि रस्त्यापर्यंत पसरलेल्या गाड्या. त्या गाड्या बघून भंगारवालासुद्धा मान हलवून पुढे जाईल. टाकीला भोकं पडलेली एम-एटी, सीटमध्ये चिमण्यांनी घरटं केलेली स्कूटर, कुठल्या तरी वाड्याच्या गोठ्यात पंधरा वर्षं म्हशीशेजारी उभी राहिलेली राजदूत. नवी कोरी गाडी घेऊन कोणी आलं की मिस्त्री हात जोडायचा, "पुढच्या चौकात जा भाऊ. चालती गाडी काय, कोणीही चालती ठेवील." बंद पडलेली, टाकून दिलेली, घरच्यांनी जिच्यावर पाणी सोडलंय अशीच गाडी त्याला लागायची.

त्याची रीतच वेगळी होती. गाडी आली की आधी मालकाला स्टुलावर बसवायचा आणि विचारायचा, शेवटची कधी चालवली, कोणी चालवली, बंद का केली. मग तीन दिवस गाडीला पाना लावायचा नाही. फक्त प्लग काढून त्या भोकात रॉकेल आणि ऑइल सोडायचं, वर गोणपाट टाकायचं आणि रोज सकाळी किक हाताने एकदाच हळूच दाबून बघायची. मी म्हणायची, "अहो खाजाभाऊ, लाथ मारा की एकदा जोरात!" तर म्हणायचा, "अक्का, जबरदस्ती केली की तुटतं. लोखंडपण रुसतं."

चौथ्या दिवशी ते रुसलेलं लोखंड हलायचं. मग टाकीत खडी आणि रॉकेल घालून खळखळवायची, कार्बोरेटर पितळी भांड्यासारखा घासायचा, आणि इंजिन एकदा धुगधुगायला लागलं की लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ आपल्या कानाला लावून डोळे मिटायचे. झालं! मग त्याला सगळं कळायचं. कुठे हवा जास्त, कुठे पेट्रोल जास्त, कुठलं बेअरिंग गेलं. डॉक्टर छातीला नळी लावतात तसंच ते. पण ते इंजिन उठवणारी पहिली किक तो कधी स्वतः मारायचा नाही. ती मालकाची. "मी फक्त दुरुस्त करतो. उठवायची ज्याची त्याने," असं त्याचं म्हणणं.

आमचं भांडण रोजचं. त्याच्या गाड्यांचा निळा धूर सरळ माझ्या गिरणीत. बाया मला बोलायच्या, "सुनंदाक्का, भाकरले पेट्रोलना वास ई राह्यना व माय!" की मी भिंतीपाशी जाऊन सुरू. तो पलीकडून, "आणि तुमचं पीठ माझ्या कार्बोरेटरमध्ये जातं त्याचं काय?" एकदा तर मी त्याच्या गाड्यांवर पाण्याची अख्खी बादली ओतली होती. पण त्याची बायको सुगराबी पाच वर्षांमागे गेली, मुलगा तनवीर धुळ्याला बॅटरीच्या स्कूटर विकतो, घरात हा एकटा. मग दुपारचा डबा माझ्याकडून जायला लागला. भांडण वेगळं, भाकरी वेगळी.

मागच्या दोन-तीन वर्षांत लोक काहीबाही बोलायला लागले. शाळेतले पंडित सर एकदा दळण घेऊन आले आणि म्हणाले, "अक्का, मिस्त्री बहिरा झाला हो. मी तीनदा सांगितलं तरी भलतंच उत्तर." माझं डोकंच फिरलं. "सर, घसा तुमचा बसलाय आणि बहिरा तो? माझं एकूण एक ऐकतो तो माणूस! कालच भिंतीपलीकडून विचारलं, वांग्याची भाजी पाठवू का, तर लगेच म्हणाला, तिखट कमी टाका!" सर पिशवी उचलून चालते झाले. जाणारच. माझ्यापुढे कोण बोलतं?

मग ईदला तनवीर आला. शहाणा मुलगा, बापासारखाच हळू बोलणारा. गिरणीत आला, पट्टा थांबेपर्यंत उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, खरं सांगा. अब्बांना ऐकू येतं का? फोन उचलतात आणि मी काहीही विचारलं तरी 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणतात. दुरुस्त झालेली गाडी हायवेवर काढून बघतात. मागून ट्रक आला तर? ऐकू येत नसेल तर मी त्यांना धुळ्याला घेऊन जातो. गॅरेज बंद."

गॅरेज बंद! खाजा मिस्त्रीला धुळ्याच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवायचं म्हणजे त्याला गोणपाटाखाली ठेवण्यासारखंच, आणि तिथे रोज सकाळी किक हलवून बघणारंही कोणी नाही. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "तनवीर, तुझ्या बापाचे कान माझ्यापेक्षा तिखट. मी शेजारी आहे ना, मला माहीत नसणार?" तनवीरने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि गेला.

मी खोटं बोलले नव्हते. देवाशपथ, मला तसंच वाटत होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी धापूबाईंची लुना आली. धापूबाई म्हणजे बाजारपेठेतल्या कापडदुकानवाल्या पुखराज शेठच्या घरच्या. शेठ जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची लुना तेव्हापासून गोदामात गाठोड्यांमागे पडलेली. नात प्रियल जळगावला शिकते. सुट्टीत तिने ती शोधून काढली आणि हातगाडीवर घालून मिस्त्रीकडे आणली. स्टुलावर बसून तिनेच सांगितलं, आजोबा रोज दिवस मावळायच्या आत जेवायला घरी यायचे, त्यांच्यात रात्री जेवत नाहीत. कोपऱ्यावर लुनाचा आवाज आला की आजी चुलीवर तवा ठेवायची. शेठ हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिला फुलका ताटात. "आजीला तो आवाज परत ऐकवायचाय," असं ती म्हणाली. मला मेलीला भरून आलं आणि मी पट्टा सुरू करून टाकला.

मिस्त्रीने अठरा दिवस घेतले. एकोणिसाव्या दिवशी प्रियलने स्टँडवर पेडल मारलं आणि लुना सुरू झाली. पोरगी टाळ्या पिटत गाडीवर बसली आणि निघाली. आता मी दारातच उभी होते. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा पुढच्या चाकातून आवाज आला. करकर, करकर. जात्यात खडा आल्यासारखा. मी स्पष्ट ऐकला. तोंडावर आलं होतं, "ओ माय, थांब जराशी!" पण म्हटलं, मिस्त्रीने कान लावून बघितली असेल, त्याला नाही का कळत? आपण गिरणीवाली, कशाला नाक खुपसा. जन्मात एकदा मी तोंड मिटलं आणि तेही नको तिथे.

तांबोळी गल्लीच्या वळणावर पुढचं चाक जाम झालं. बेअरिंगच्या गोळ्या फुटल्या होत्या. प्रियल पडली, डाव्या हाताचं मनगट मोडलं. जीव वाचला, एवढंच.

खाजा मिस्त्री दवाखान्यातून परत आला आणि शटर अर्धं ओढून आत बसला. मी बाहेरूनच शटरखाली वाकले. मला बघून म्हणाला, "चाक फिरवलं होतं अक्का. कान लावला होता. आवाज नव्हता. आवाज नाही म्हणजे रोग नाही, असं समजलो मी." आणि आपल्या काळ्या हातांकडे बघत राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला चाकाचा आवाज आला नव्हता, सरांचा येत नव्हता, पोराचा येत नव्हता. यायचा तो फक्त माझा, कारण मी भिंत फुटेल अशी ओरडते. आणि तेवढ्याच्या जिवावर मी गावभर साक्ष देत फिरले होते.

तनवीरने त्याला धुळ्याला नेऊन कान तपासून आणले. कानाचं मशीन घेतलं. ते मिस्त्री खिशात ठेवतो. म्हणतो, त्यात सगळं बठ्ठंच येतं, हॉर्न, कावळे, गिरणी, आणि त्या गर्दीत इंजिन हरवतं. तनवीर माझ्याकडे आला. रागावला असता तर बरं झालं असतं. तसाच हळू म्हणाला, "मावशी, डॉक्टर म्हणाले वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिल्याने झालंय. गाड्यांचा असेल. शेजारी आणखी काही आहे का, असं विचारत होते." उत्तर द्यायची गरजच नव्हती, माझा पट्टा फिरतच होता.

त्या रात्रीच काय, नंतर कितीतरी दिवस मला भाकरी गोड लागली नाही. गिरणीचं बटण दाबायला हात पुढे गेला की वाटायचं, याच बटणाने त्या माणसाचे कान खाल्ले. सांगणार कोणाला? आणि त्याला सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार.

खाजा मिस्त्रीने पाना खाली ठेवला तो ठेवलाच. कोणी गाडी आणली तर हात हलवून परत. शुक्रवारी नमाज झाली की तनवीर टेम्पो घेऊन येणार, हत्यारं भरणार, उरलेल्या गाड्या भंगारवाला उचलणार, असं ठरलं. मी आठवडाभर भिंतीशी भांडायला गेले नाही. भांडायला समोर माणूस तरी पाहिजे.

शुक्रवार उजाडला. दुपारी टेम्पो लागला. तनवीर पान्यांची पेटी चढवत होता आणि मिस्त्री स्टुलावर, ज्या स्टुलावर मालक बसायचे त्यावर, पाहुण्यासारखा बसला होता. तेवढ्यात समोरून हातगाडी आली. हातगाडीवर लुना, मागे रिक्षात धापूबाई आणि हात गळ्यात बांधलेली प्रियल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, रिक्षातून उतरली आणि सरळ गॅरेजमध्ये.

"खाजा," त्या म्हणाल्या, "पोरीचं हाड डॉक्टर जुळवेल. गाडी कोण जुळवेल?"

मिस्त्रीला ऐकू आलं नाही, पण लुना दिसली. त्याने दोन्ही कानांना हात लावला आणि मान हलवली. "नाही माँजी. मला ऐकू येत नाही. मी आता हात लावणार नाही. दुसऱ्यांदा पाप नको."

"दुसरा कोणी शेठजींची गाडी ओळखत नाही," धापूबाई म्हणाल्या. "तू नाही म्हणालास तर मी ती परत गोदामात टाकते. मग मी मेल्यावर काढतील आणि विकतील." आणि तिथेच एका टायरवर बसल्या. एवढ्या मोठ्या घरची बाई, टायरवर!

मला राहवलं नाही. माझ्या गिरणीत तेव्हा चार दळणं रांगेत होती. मी बटण दाबलं. पट्टा थांबला. बाया ओरडल्या, "काय व, का बंद कई?" मी म्हटलं, "थांबा गं, कोणाच्या पोटात कावळे नाही ओरडत!" आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या गॅरेजचा उंबरा ओलांडला. रोज भिंतीवरून बोलले, पण आत कधी गेले नव्हते. एक डबा पालथा घातला, लुनाशेजारी बसले आणि मिस्त्रीच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं, "तुम्ही हात चालवा. ऐकते मी!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला काय कळतं इंजिनातलं?"

"इंजिनातलं काही नाही. आवाजातलं सगळं. बावीस वर्षं शिव्या देत ऐकलंय मी तुमचं गॅरेज. त्या दिवशी ते चाक करकरलं तेही ऐकलं होतं. बोलले नाही. आता बोलणार!"

तनवीर पेटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं, मग लुनाकडे, आणि हात पुढे केला. तनवीरने पेटी खाली ठेवली.

फुटलेलं बेअरिंग निघालं, नवं बसलं. मिस्त्रीने चाक उचलून फिरवलं. "अक्का, काय म्हणतं?"

"काही म्हणत नाही. तेल दिलेल्या गिरणीसारखं गुळगुळीत."

मागचंही फिरवलं. तेही बरं होतं. मग इंजिन. मिस्त्रीने आपला नियम सोडला नाही, पेडल मालकाकडून. प्रियलचा हात बांधलेला, म्हणून धापूबाई उठल्या आणि स्टँडवर चढवलेल्या गाडीचं पेडल दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा लुना उठली. निळा धूर सरळ माझ्या गिरणीत गेला. म्हटलं, जा बाबा.

मिस्त्री पेचकस कार्बोरेटरच्या स्क्रूला लावून माझ्या तोंडाकडे बघत होता. "बोला."

"गुदमरतंय. ओलं धान्य दळायला घातलं की पट्टा जड होतो ना, तसं."

"पेट्रोल जास्त." त्याने स्क्रू फिरवला. "आता?"

"आता तडतडतंय. तव्यावर तीळ टाकल्यासारखं."

"हवा जास्त झाली." स्क्रू पाव फेरा मागे. "आता?"

मी डोळे मिटले. मिस्त्री मिटायचा तसेच. "आता गहू. बारीक, एकसारखा."

तो कंबर सरळ करून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर महिनाभराने माणूस परत आला. पण टायरवर बसलेल्या धापूबाई म्हणाल्या, "नाही. ही शेठजींची नाही."

सगळे थांबलो. त्या म्हणाल्या, "त्यांची गाडी कोपऱ्यावर हळू झाली की मध्ये एक ठोका गाळायची. तो गळला की मी तवा ठेवायची."

मी ते मिस्त्रीला ओरडून सांगितलं. मिस्त्री हसला, अगदी दात दिसेपर्यंत. "शेठ ऑइल जास्त टाकायचे! किती वेळा सांगितलं, शेठ, मापात टाका. ऐकतील तर शपथ!" आणि टाकीत त्याने आणखी ऑइल ओतलं. चांगली लागलेली गाडी मुद्दाम बिघडवणारा मिस्त्री मी पहिल्यांदा बघितला. जरा वेळ गेला, धूर दाट झाला, आणि मग आवाज एका ठिकाणी गळला. परत सुरू. परत गळला.

धापूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड झाकलं. नवरा घरात आला की त्यांच्यात बायका ओढतात तसा. मी रडले. सरळ सांगते, तिथे सगळ्यांसमोर रडले.

तनवीरने टेम्पोतलं बाकीचं सामान उतरवायला घेतलं. मला म्हणाला, "मावशी, रोज याल?" मी म्हटलं, "चार ते सहा गिरणी बंद. पाटी लावते. पण हायवेवर हा जाणार नाही, ट्रायलही मालकानेच घ्यायची." तो म्हणाला, "मग ठीक आहे," आणि बापाला हातवारे करून तेच सांगितलं. मिस्त्रीने एवढंच विचारलं, "आणि धुराचं काय?" मी म्हटलं, "धुराचं भांडण चालूच राहील!"

सगळे गेल्यावर तो हात पुसत बसला होता. मला वाटलं, आता सांगावं. पण ते ओरडून कसं सांगायचं? मी हळू म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू, "खाजाभाऊ, माझ्या गिरणीने तुमचे कान खाल्ले."

त्याने मान वर केली. "काय? जोरात बोला ना. तुम्ही कधीपासून हळू बोलायला लागलात?"

मग काय करणार. मी ओरडले. समोरच्या पानटपरीवरचे लोक वळून बघायला लागले, गिरणीच्या रांगेतल्या बाया दारात आल्या. "माझ्या गिरणीने तुमचे कान खाल्ले! मला माफ करा!"

खाजा मिस्त्रीने चिंधी खाली ठेवली. मग म्हणाला, "सुगरा गेल्यापासून, अक्का, दिवसाला मला एकच आवाज ऐकू यायचा. भिंतीपलीकडून. वांग्याची भाजी पाठवू का. तोही नसता तर मी केव्हाच शटर ओढलं असतं."